पाण्यात कोणी नाही ना?

सार्फाक, १४ मे

बिबियाने,

अक्षर ओळखलं असशीलच. तरी पाकीट फोडलंस, एवढ्यावर मी खूश आहे. घाबरू नकोस, रडगाणं गाणार नाही. काम आहे म्हणून लिहितोय. कामासाठी माणूस कोणालाही लिहू शकतो, सहा वर्षं न बोललेल्या धाकट्या बहिणीलासुद्धा.

ऑगस्टमध्ये आपल्या खाडीत एक प्रवासी जहाज येणार आहे. खलाशी धरून दोनशे बारा माणसं. आपलं अख्खं गाव चौऱ्याहत्तर, त्यात तीन तान्ही आणि एक एनोसकाका, म्हणजे तान्ही चार. त्या जहाजाला काही झालं तर जवळचं दुसरं जहाज चौदा तासांवर. हेलिकॉप्टर येणार ते धुकं परवानगी देईल तेव्हा, आणि एका वेळी नऊ जणांना नेणार. तोवर ती दोनशे बारा माणसं आपली. म्हणून राजधानीहून प्रेबेन नावाचा एक डेनिश आलाय, आम्हाला तयार करायला. उंच आहे, दाढी लाल आहे, आणि ऐकून घेतो. डेनिश असून ऐकून घेतो, म्हणून गावात लोकप्रिय झालाय.

चर्चमधले बाक हलवून घोंगड्या रचल्यात. माझी माशांची शेड धुऊन काढली, तिथे शंभर जण झोपतील. वास येईल, पण वासाने अजून कोणी मेलेलं नाही. गारठलेल्यांची जबाबदारी हेल्गाकडे. काल सगळ्यांना रांगेत उभं करून म्हातारी ओरडत होती, "हातपाय चोळायचे नाहीत! आधी छाती-पोट गरम करायचं! शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी, आणि दारूचा थेंब द्यायचा नाही!"

एनोसकाका म्हणाला, "मग बुडून फायदा काय?"

आता तुझं काम. प्रेबेनने रेडिओवर विचारायच्या एकवीस प्रश्नांची यादी केलीय, डेनिशमध्ये. तू राजधानीच्या दवाखान्यात दुभाषी आहेस असं ऐकलं. यादी सोबत जोडलीय. आपल्या भाषेत नीट बसवून दे. चुका असतील तर खोड. लहानपणी माझी वही खोडताना तुझा हात कधी थरथरला नव्हता.

रेडिओ नवा आणलाय. त्या दिवशीचा जुना किती खरखरत होता ते तुला मी सांगितलंच आहे.

बार्नाबास

*

सार्फाक, ३ जून

बिबियाने,

उत्तर नाही. ठीक आहे. हेलिकॉप्टर दोनदा येऊन गेलं आणि दोन्ही वेळा मी तिथे 'सहज' उभा होतो. टपालाची पिशवी उघडणारी हेल्गा म्हणाली, "बार्ना, तू सहज उभा राहतोस तेव्हा फार अवघडलेला दिसतोस."

काल पहिला सराव झाला. प्रेबेन आपल्या बोटीतून बुडत्या जहाजाचा कप्तान झाला. सहा नारिंगी सूटमध्ये जुनी जाळी कोंबून माणसं केली आणि बर्फात सोडली. आमच्या बोटीत मी आणि एनोसकाका. रेडिओ त्याच्या हातात, कारण प्रेबेनचं म्हणणं, मी एकटाच बोलायला शिकलेलो असेन आणि नेमका मीच बुडालो तर?

प्रेबेन विचारतो, "एनोस, तराफा दिसतोय का?" उत्तर नाही. पुन्हा विचारतो. उत्तर नाही. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला. मी शेजारी बसलो होतो म्हणून मला दिसत होतं, काका तिन्ही वेळा भुवया उंचावून 'हो' म्हणत होता. चौथ्या वेळी तर कपाळाच्या टोकापर्यंत नेल्या.

मी म्हटलं, "काका, रेडिओला भुवया दिसत नाहीत."

"मग असलं आंधळं यंत्र घेतलंत कशाला?"

किनाऱ्यावर सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण पुढचं ऐक.

आम्ही चार सूट उचलले. दोन बर्फाच्या मागे वाहत गेले होते, आम्हाला दिसत होते, प्रेबेनला दिसत नव्हते. तो यादीतला चौदावा प्रश्न विचारतो, "चार मिळाले. पाण्यात आणखी कोणी नाही ना?"

काका ठणकावून डेनिशमध्येच म्हणाला, "नाय!"

प्रेबेनने कागदावर खूण केली आणि सराव संपल्याचं जाहीर केलं. वळला आणि निघाला. काका माझ्याकडे बघत राहिला. "हा चालला कुठे? दोघं पाण्यात आहेत अजून!"

नंतर धक्क्यावर जुंपली. प्रेबेन म्हणाला, "तू स्वतः 'नाय' म्हणालास!"

"म्हणालोच की! तू म्हणतोस कोणी नाही, मी म्हणतो तसं नाय. आहेत. दोघं आहेत."

"डेनिशमध्ये 'नाय' म्हणजे कोणी नाही!"

"मग जे आहे त्याला काय म्हणता तुम्ही?"

"यो," प्रेबेन म्हणाला. "नकारातून विचारलं की होकाराला आम्ही 'यो' म्हणतो."

"एवढ्याशा गोष्टीला वेगळा शब्द?" काका म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

मी हसलो नाही. प्रेबेनचंही हसू थांबलं आणि तो माझ्याकडे बघू लागला. संध्याकाळी तो कॉफीला आला, दुसरा कप संपेपर्यंत हवेबद्दल बोलला, मग म्हणाला, "सहा वर्षांपूर्वीचं प्रकरण मी इथे यायच्या आधी वाचलंय. त्या मालवाहू जहाजावर सगळं बोलणं टेप होत होतं. माझ्याकडे ते रेकॉर्डिंग आहे. आत्तापर्यंत मला त्याचा अर्थ लागत नव्हता. आज लागला."

त्याला ते गावाला ऐकवायचंय, जहाज यायच्या आधी. पण गेलेल्या माणसाचा विषय आहे, म्हणून दोन संमती हव्यात. एक माझी. दुसरी जोकुमच्या बायकोची, म्हणजे तुझी.

तर बिबियाने, एक गोष्ट दुरुस्त करतो. त्या दिवशी रेडिओ खरखरत नव्हता. शेजारच्या खोलीतून बोलावं इतकं स्वच्छ येत होतं.

कागद सोबत आहे. सही कर किंवा नको करूस. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे ते आधी मला लिहायला हवं, आणि आज माझ्याने ते होत नाही.

बार्नाबास

*

सार्फाक, २२ जून

बिबियाने,

प्रेबेनने काल विचारलं, बहिणीचं काही आलं का? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "ती उत्तरच देणार नसेल, तर रेकॉर्डिंगचा विषय सोडून देतो. नुसतं तोंडी सांगतो की प्रश्न नकारातून विचारू नका." मला एकदम हलकं वाटलं. सुटलो! मग घरी आलो आणि त्या हलकेपणाची लाज वाटली. तोंडी सांगून काही होत नाही गं. सरावानंतर दोनच दिवसांनी एनोसकाकाने दुकानात विचारलं, "साखर संपली नाही ना?" दुकानदार म्हणाला, "नाही." काका रिकामी पिशवी घेऊन निघाला, दुकानदार साखर मोजून उभा राहिला. हा दुकानदार गेल्या वर्षी डेन्मार्कहून आलाय. तोंडी सांगितलेलं इतकंच टिकतं.

म्हणून लिहितो. मधे थांबलो तर पुढे होणार नाही, एका दमात लिहितो.

हिमनग उलटला तेव्हा तीन जण बाहेर होते, जोकुम आणि गावातले दोघे सख्खे भाऊ. बोटी पालथ्या झाल्या. ते मालवाहू जहाज खाडीच्या तोंडाशी होतं, त्याने आपली बोट सोडली. मी रेडिओच्या खोलीत धावलो. तिथून धुक्यामुळे पाणी दिसत नव्हतं, पण टेकडीवरून एनोसकाका ओरडून सांगत होता की एक जण हिमनगाच्या पलीकडे उलट्या बोटीला धरून आहे, टोपी लाल आहे. लाल टोपी कोणाची ते आपल्याला माहीत आहे.

त्या जहाजाच्या अधिकाऱ्याचे शब्द असे. मी सहा वर्षं रोज ऐकतोय, रेकॉर्डिंगची मला गरज नाही.

"किनारा, दोन माणसं उचलली. पाण्यात आणखी कोणी नाही ना?"

मी म्हणालो, "नाय! नाय!"

"समजलं. आम्ही वळतो."

मी म्हणालो, "आभारी आहे. लवकर वळा."

मला वाटलं ते जोकुमकडे वळतायत.

अकरा मिनिटं मी वाट पाहिली. मग विचारलं, "जोकुम मिळाला का?"

तो म्हणाला, "कोण जोकुम?"

पुढचं तुला माहीत आहे. धुकं जाड झालं, चार तास शोधलं, उलटी बोट मिळाली. अहवालात लिहिलं की किनाऱ्याने खात्री दिल्यावर शोध थांबवला. तू तो वाचून माझ्या दारात आलीस आणि विचारलंस, "तू नेमकं काय बोललास?" मी म्हणालो, रेडिओ खरखरत होता. एक शब्द जरी सांगितला असता तरी तू क्षणात ओळखलं असतंस कुठे घसरलं ते. तुझं कामच ते. म्हणूनच नाही सांगितला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी स्वतःला चूक म्हणून सोडलंही असतं. अजून एक आहे. मी खोलीत धावलो तेव्हा हेल्गा दारात होती. जहाजांशी बोलायचं तर दुभाषी हवा, हा नियम तेव्हाही होता. तू आरोग्य केंद्रात होतीस, तीनशे पावलांवर. हेल्गा म्हणाली, "बिबियानेला बोलावू?"

मी म्हणालो, "कशाला? मला येतं."

नंतर हेल्गाला मी सांगितलं की नवराच बाहेर होता, ती खचली असती, म्हणून नको म्हटलं. हेल्गाने विश्वास ठेवला. मीही काही महिने ठेवला. खरं असं की त्याच वसंतात त्याच जहाजाच्या कप्तानाने माझ्या डेनिशचं कौतुक केलं होतं. बाराव्या वर्षी हॅलिबट मासे कापायला लागलेला, शाळा अर्धी टाकलेला मी, आणि कप्तान म्हणतो, 'तू तर आमच्यासारखंच बोलतोस'. ते कौतुक मी कोटाच्या आत जपून ठेवलं होतं. दुभाषी बोलावला असता तर ते खोटं पडलं असतं. माझ्या डेनिशमध्ये 'यो' नव्हता, हे मला कुठे माहीत होतं.

आता तुझ्याकडे सगळं आहे. सही नाही केलीस तर मी प्रेबेनला खरं कारण सांगेन, टपाल हरवलं असं म्हणणार नाही.

बार्नाबास

*

सार्फाक, ११ जुलै

बिबियाने,

कागद मिळाला. सही आहे, बाकी एक अक्षर नाही. पाकिटात दोनदा हात घालून पाहिलं. यादी मात्र परत आलीय, एकवीसच्या एकवीस प्रश्न उलटे करून. 'कोणी नाही ना' तू इतक्या जोराने खोडलंयस की कागद फाटलाय. खाली लिहिलंस: 'हो-नाही चालणार नाही. आकडा मागा.' प्रेबेनने वाचलं आणि म्हणाला, "ही बाई आम्हाला हवी." मी म्हटलं, रांगेत उभा राहा.

आठवड्यापूर्वी चर्चमध्ये ऐकवलं. बाक हलवलेले, म्हणून सगळे घोंगड्यांवर बसले होते. मधली अकरा मिनिटं कापून एक मिनिट वीस सेकंदांचं आहे. मला वाटत होतं फार मोठं असेल.

'कोण जोकुम?' आलं आणि प्रेबेनने बंद केलं. त्या दोघा भावांपैकी थोरला उठला आणि बाहेर गेला. त्याला आजवर वाटत होतं, बोट वळली ती त्याच्या भावाची शुद्ध हरपली म्हणून. मी उभा राहिलो आणि हेल्गाने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर, दोन्ही सांगितलं. ते रेकॉर्डिंगमध्ये नाही, सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं.

हेल्गा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मला खोटं सांगितलंस, बार्ना."

"हो."

"सहा वर्षं मी तुझी बाजू घेऊन त्या पोरीशी भांडले."

"हो."

"आता हो-हो करू नकोस," ती म्हणाली आणि निघून गेली. आठवडाभर तिच्या घरून कॉफीचं बोलावणं नाही. एनोसकाका तेवढा येतो. परवा म्हणाला, "टेकडीवरून मी लाल टोपी सांगितली, आकडा नाही सांगितला. सांगायला हवा होता." त्याच्याकडूनही काही राहून गेलं होतं, आणि तोही सहा वर्षं गप्प होता, हे मला माहीत नव्हतं.

रेडिओ मी सोडतो म्हणालो. गावाने मत घेतलं. नको सोडू म्हणाले. का ते विचारलं नाही.

बार्नाबास

*

सार्फाक, १९ ऑगस्ट

बिबियाने,

तू होतीस म्हणून तुला सांगायला नको, पण माझ्या बाजूचं तुला दिसलं नाही, ते लिहितो.

जहाज परवा आलं. शहाण्यासारखं खाडीबाहेर नांगरलं. दुपारी रबरी बोटी हिमनदी बघायला गेल्या आणि तीनच्या सुमारास धुकं उतरलं. सगळ्या परतल्या, एक नाही. जहाजाचा अधिकारी हाक मारू लागला, त्याचा आवाज मला फार ओळखीचा वाटला, म्हणजे तो माणूस नव्हे, ती घाई. प्रेबेनने राजधानीची लाइन जोडली आणि म्हणाला, "आता दुभाष्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, तुमच्या सभेनंतर आम्ही सोय केलीय."

आणि तू म्हणालीस, "किनारा, ऐकू येतंय का?"

माझे हात टेबलावर होते. ते तसेच राहिले. मी म्हणालो, "स्वच्छ."

दुसरं काही म्हणायला वेळ नव्हता, बरंच झालं. एनोसकाकाची बोट आणि दुसऱ्यांच्या हाती दिलेली माझी बोट बर्फात शिरल्या होत्या. पन्नास मिनिटांनी काकाचा आवाज आला, रबरी बोट सापडली, बर्फात अडकलेली, यंत्र बंद. माणसं जिवंत.

जहाजावर टाळ्या वाजल्या, मला रेडिओतून ऐकू आल्या. मग तो अधिकारी काहीतरी म्हणाला. डेनिशमध्ये. मला सगळं समजलं. तो म्हणाला होता, "म्हणजे आता बाहेर कोणी नाही ना?"

मी तुझी वाट पाहिली. तू ते उच्चारलंच नाहीस. तू म्हणालीस, "किनारा, एनोसला विचार. बोटीत किती जीव आहेत? चालवणारा धरून. आकडा."

काका म्हणाला, "नऊ. दोनदा मोजले."

तू जहाजाला विचारलंस, तिथून निघताना किती होते? चालवणारा धरून. तिथे कागद चाळल्याचा आवाज. इतका वेळ, बिबियाने! मग आलं, "दहा. प्रवासी नऊ, चालवणारा एक."

तू मला म्हणालीस, "एक बाहेर आहे." तुझा आवाज तिथे किंचित फुटला. दुसऱ्या कोणाला कळला नसता, पण माझे कान तू ओळखतेस.

काकाने प्रवाशांना विचारलं, खुणांनी. चालवणारा दोर घेऊन बर्फाच्या लादीवर उतरला होता, बोट ओढायला, आणि लादी तुटून धुक्यात गेली होती. प्रवासी गारठून इतके गप्प झाले होते की विचारल्याशिवाय कोणी बोललंच नसतं. काकाने प्रवाह बघितला, नाक वर करून थोडा वेळ नुसता बसला आणि म्हणाला, "दक्षिणेला." माझी बोट तिकडे पाठवली. छत्तीस मिनिटं. तू दर चार मिनिटांनी विचारत होतीस, "बाहेर किती?" मी सांगत होतो, "एक." नऊ वेळा. नवव्यांदा मला वाटलं आता हा आकडा आयुष्यभर बोलत राहीन.

मग माझ्या बोटीवरून आरोळी आली. लादीवर पालथा पडून दोन्ही हातांनी कड धरून होता. बोटं सरळ होत नव्हती, पण शिव्या नीट देत होता. हेल्गाने त्याला शेडमध्ये घेतलं आणि त्याचे हात चोळायला धावलेल्या जहाजाच्या डॉक्टरला कोपराने बाजूला केलं.

तू विचारलंस, "बाहेर किती?"

मी म्हणालो, "शून्य."

प्रेबेनने लाइन बंद करायला सांगितलं. तू बंद केली नाहीस. मीही नाही. तुझ्या खोलीत कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

मग तू म्हणालीस, "सप्टेंबरच्या पहिल्या हेलिकॉप्टरने येते. दोन दिवस. जोकुम गेला त्या जागी जायचंय, बोट लागेल. राहणार हेल्गाकडे. तुझ्याकडे नाही. माफ केलंय असं समजू नकोस."

मी म्हणालो, "तसं समजत नाही." आणि तू लाइन बंद केलीस.

हेल्गाला सांगितलं. ती पहिल्यांदा माझ्याशी धड वाक्य बोलली: "माझी शेगडी धूर करते, तिला खोकला होईल." काल जाऊन दुरुस्त केली. त्याला लाच म्हणू नकोस, शेगडी खरंच बिघडली होती. बोट तयार आहे. एनोसकाका चालवेल, तुला मी नको असेन तर. तो म्हणतो, जागा त्याला डोळे मिटून सापडते.

एवढं एकच कळव. सरळ विचारतो, म्हणजे उत्तरात घोटाळा नको. तू उतरशील तेव्हा मी तिथे येऊ का?

बार्नाबास